म्युझिक थिअरी म्हणजे नुसतं पाठांतर? कोणी सांगितलं!

परीक्षेचा फॉर्म भरला की कोणीतरी हमखास सांगतं, थिअरी काय, घोकंपट्टी आहे, 15 मेजर की सिग्नेचर (कुठल्या स्केलमध्ये कोणते सूर शार्प किंवा फ्लॅट, हे ओळीच्या सुरुवातीला दाखवणाऱ्या खुणा) पाठ कर आणि जा. मीपण सुरुवातीला हेच केलं, भिंतीला तक्ता चिकटवून, आणि आठवड्यात सगळी खिचडी झाली.

खरं तर पाठ करायचं फार थोडं आहे. मेजर स्केल म्हणजे सुरांची एक चढती रांग, आणि तिचा एकच साचा असतो: टोन टोन सेमीटोन, टोन टोन टोन सेमीटोन (सेमीटोन म्हणजे कीबोर्डवर लगेच शेजारची पट्टी, काळी असो वा पांढरी; टोन म्हणजे दोन सेमीटोन). आता जी या सुरापासून सुरू करा. जी, ए, बी, सी, डी, ई इथपर्यंत सगळं आपोआप बसतं, पण ई ते एफ हा सेमीटोनच आहे आणि आपल्याला तर टोन हवाय, म्हणून एफचा एफ शार्प होतो (शार्प म्हणजे सूर एक सेमीटोन वर). झाली जी मेजरची की सिग्नेचर, पाठ काय केलं त्यात?

शार्पचा क्रम मात्र लक्षात ठेवावाच लागतो: एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. फ्लॅटचा (फ्लॅट म्हणजे सूर एक सेमीटोन खाली) तोच उलटा, म्हणजे एकावर एक फ्री. पेपरात 3 शार्प दिसले तर शेवटचा जी शार्प, त्याच्या एक सेमीटोन वर ए, म्हणून ए मेजर. फ्लॅट असतील तर शेवटून दुसरा फ्लॅट हेच कीचं नाव (एकच फ्लॅट असेल तर एफ मेजर, हा एवढा घोका बाबा). मायनर (दुसऱ्या प्रकारचं स्केल) ची सिग्नेचर तर वेगळी शिकायचीच नाही, मेजरपासून 3 सेमीटोन खाली मोजा, त्या मायनरची सिग्नेचर तीच: ए मेजरचा एफ शार्प मायनर.

आणि हो, हे वहीत नुसतं लिहू नका, कीबोर्डचं चित्र समोर ठेवून बोटाने मोजा.