पत्त्याची दिशाभूल

पत्त्याची दिशाभूल : व्यवसाय प्रत्यक्षात जिथे आहे ते ठिकाण न सांगता जाहिरातीत, ऑनलाइन यादीत किंवा नकाशावर दुसरेच नावाजलेले ठिकाण दाखवणे. अमेरिकेतील काही राज्यांत परगावचे फुलविक्रेते स्थानिक असल्याचे भासवून ऑर्डर घेत, म्हणून तिथे यासाठी खास कायदे झाले. भारतात या नावाचा वेगळा गुन्हा नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या व्याख्यांत हा प्रकार येतो. वस्तूचे किंवा सेवेचे खोटे वर्णन जसे यात येते, तसेच महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणेही येते. कोकण किनाऱ्यावर हा दुसरा भाग जास्त कामाचा आहे, कारण इथे सरळसरळ खोटे क्वचितच लिहिले जाते.

मालवण तालुक्यातले देवबाग पाहा. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. ‘बीच टच’ म्हणून बुक केलेल्या खोलीची खिडकी उघडली आणि समोर खाडीतल्या होड्या दिसल्या, तर देखावा सुरेखच असतो. पण पैसे समुद्राचे मोजलेले असतात. खाडीपलीकडचे भोगवे तिथून समोर दिसते, मात्र ते वेंगुर्ले तालुक्यात. होडीने जवळ, गाडीने पूल गाठून मोठा वळसा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगड आणि तवसाळ यांचेही तेच: फेरीबोट चालू असेल तर जवळ, नाहीतर खाडीला लांबचा फेरा. यादीत नुसते सरळ रेषेतले अंतर टाकले की आकडा खरा असतो, पण म्हातारी माणसे आणि लहान मुले घेऊन रात्री पोहोचणाऱ्या कुटुंबाला तो फसवतो. मुरूडही दोन आहेत, एक जंजिऱ्याजवळचे रायगडातले आणि दुसरे दापोली तालुक्यातले, महर्षी कर्व्यांचे. नाव एक असणे हा कुणाचा दोष नाही. गिऱ्हाइकाचा घोटाळा व्हावा म्हणून तालुका गाळणे हा मात्र नक्कीच दोष आहे.

खोट्या जाहिरातीमुळे ग्राहकांच्या हिताला बाध येत असेल तर ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ८९ नुसार सेवा देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तेच केल्यास पाच वर्षे आणि ५० लाख. जाहिरात थांबवण्याचा किंवा बदलण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देते. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे बुकिंगच्या संकेतस्थळाने विक्रेत्याचे नाव आणि भौगोलिक पत्ता ग्राहकाला दिसेल असा ठेवायचा असतो.

२०१९ च्या कायद्याने केलेला सर्वांत मोलाचा बदल म्हणजे तक्रारदार आता स्वतः राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही दाद मागू शकतो. आधीच्या १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. दोन दिवसांच्या सहलीत फसलेल्या पुणेकराने प्रत्येक तारखेला सिंधुदुर्गातल्या ओरोसला किंवा रायगडातल्या अलिबागला यायचे म्हटले, तर तो तक्रारच करत नसे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचे शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर गाऱ्हाणे नोंदवता येते.

आंब्याच्या पेटीवरचा पत्ताही याच जातीचा, पण त्याला आणखी एक कायदा लागू होतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क, मिळाला, तो रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. परराज्यातला आंबा ‘देवगड’ छापलेल्या पेटीत भरून विकणे हा भौगोलिक निर्देशांक अधिनियम, १९९९ खाली गुन्हा ठरू शकतो आणि त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. गिऱ्हाइकाइतकेच इथे बागायतदाराचे नुकसान होते. मोहोरापासून राखण करून उतरवलेल्या त्याच्या आंब्याचा भाव नकली पेटी पाडते.

तक्रारीत पुराव्यावर बरेच अवलंबून असते. यादीतला मजकूर आणि नकाशावरची खूण रातोरात बदलता येते. म्हणून बुकिंगच्या वेळचाच स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची पावती, मालकाशी झालेले संदेश आणि प्रत्यक्ष जागेवर काढलेला, लोकेशनसह फोटो जपून ठेवावा लागतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे.