'मी आलो' की 'मी आले': ठाण्यातील एका क्वीअर खेळाची पार्श्वभूमी

चित्रे, संवाद आणि मधूनमधून करायची निवड एवढ्यावर चालणारा व्हिज्युअल नॉव्हेल हा संगणकीय खेळाचा प्रकार १९८० च्या दशकात जपानमध्ये रुजला. हौशी मंडळींना तो आवाक्यात आला २००४ पासून, म्हणजे रेनपाय हे मोफत साधन उपलब्ध झाल्यावर. त्याच्या नावातच 'रेनआई', म्हणजे जपानीतले प्रेम, आणि पायथॉन ही संगणकभाषा यांची जोड आहे.

समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर ठाण्यातील एका छोट्या गटाने क्वीअर, म्हणजे लैंगिकता वा लिंगभाव यांच्या रूढ चौकटीबाहेरच्या, माणसांची ओळख आणि नाती यांविषयीचा असाच एक मराठी खेळ लिहायला घेतला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, तेव्हा लग्नाचा शेवट काढून घोडबंदर रोडवरील घराचा दोघांच्या नावे झालेला भाडेकरार तेथे घालण्यात आला. तो अधिक चांगला शेवट आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खरा वाद मात्र क्रियापदांवरून झाला. मुख्य पात्राचे लिंग ते स्वतः सांगेपर्यंत कळू नये, असे ठरले होते. पण मराठीत 'मी' म्हणताच पुढचे 'आलो' किंवा 'आले' चुगली करते. सुरुवातीलाच खेळणाऱ्याला प्रत्यय निवडायला लावावा, असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूने संपूर्ण संहिता पुन्हा लिहिली: 'मी तलावपाळीवर थांबलो' याऐवजी 'तलावपाळीवर मी वाट पाहिली', 'मी रडले' याऐवजी 'मला रडू आलं'. 'मी विचारलं', 'मी चहा घेतला' येथे क्रियापद कर्त्याकडे पाहतच नाही आणि 'मी येईन' हेही निर्धोक असते. अडचण येण्याजाण्याची, बसण्याउठण्याची, आणि बोलणे, विसरणे यांसारख्या फसव्या क्रियापदांची. सगळे 'मला झालं, मला वाटलं' असे लिहिल्याने पात्र सोशिक वाटू लागले, हा आक्षेप रास्त होता. त्यातच मूळच्या कोल्हापूरच्या एका चाचणी खेळाडूने आपल्याकडे मुलीही सर्रास 'मी येतो' म्हणतात याची आठवण करून दिली, तेव्हा दोन्ही बाजू काही काळ गप्प होत्या.

अखेर प्रत्ययाची निवड सुरुवातीला न ठेवता चौथ्या प्रकरणात, कळवा स्थानकाच्या पुलावरील प्रसंगात ठेवण्यात आली आणि त्याआधीची संहिता आडवळणाचीच राहिली.

नपुंसकलिंग वापरण्याची सूचना, त्या शब्दाला चिकटलेल्या हेटाळणीमुळे, आधीच फेटाळली गेली होती. तरीही पहिल्या प्रकरणात दार उघडताना आई जे म्हणते, त्याला कोणी हात लावला नाही: "आलं का माझं लेकरू?"