लिपिड नॅनोकण (कर्करोग लशींतील)

कर्कपेशींवरील प्रतिजनाचा (प्रतिकारसंस्था ओळखते त्या प्रथिनाचा) संदेश बाळगणारे एमआरएनए (प्रथिन घडवण्याची सूचना देणारा रेणू) प्रतिकारसंस्थेच्या पेशींपर्यंत, मुख्यतः डेंड्रायटिक पेशींपर्यंत (प्रतिजन इतर प्रतिकारपेशींना दाखवणाऱ्या पेशी), पोहोचवणारे मेदाचे सूक्ष्म कण. व्यास साधारणतः ८० ते १०० नॅनोमीटर. घटक चार : आयनीभवनक्षम लिपिड (आम्लतेनुसार विद्युतभार बदलणारा मेद), फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडलेले लिपिड.

उगम : याविषयी एकवाक्यता नाही. काही लेखक तो ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये वर्णिलेल्या लायपोसोमपर्यंत मागे नेतात. परंतु लायपोसोम हे पाण्याच्या थेंबाभोवतीचे दुपदरी कवच; आजच्या कणाचा गाभा भरीव असून त्यात लिपिड व आरएनए एकमेकांना बिलगलेले असतात. फ्रान्समध्ये १९९३च्या सुमारास लायपोसोममधून फ्लूच्या प्रथिनाचे एमआरएनए टोचून उंदरांत मारक टी-पेशी (बाधित पेशी ठार करणाऱ्या प्रतिकारपेशी) जागवल्या गेल्या. लस म्हणून वंशावळ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. कणाची आजची घडण मात्र व्हँकूव्हर (कॅनडा) येथील पीटर कलिस व सहकाऱ्यांच्या कामातून आली.

आयनीभवनक्षम लिपिड हा यातील खरा कळीचा घटक. अरुंद नळीत अल्कोहोलमधील लिपिड व आम्लधर्मी पाण्यातील आरएनए यांचे प्रवाह भिडतात. आम्लात लिपिडावर धनभार येऊन ते ऋणभारित आरएनएला पकडते. रक्तात हा भार जवळजवळ नाहीसा होतो. पेशीने कण गिळला, की आतल्या आम्लधर्मी पिशवीत हा धनभार परततो, पिशवीचे आवरण फुटते व संदेश बाहेर पडतो. अर्थात सगळा नव्हे : एका प्रसिद्ध मोजणीत लघु आरएनएपैकी जेमतेम १ ते २ टक्केच निसटले.

लक्ष्यीकरण : शिरेतून दिलेले कण बहुतांशी यकृतात जातात, कारण रक्तातील अपोलिपोप्रोटीन-ई (मेद वाहून नेणारे प्रथिन) त्यांना चिकटते. माइन्त्स (जर्मनी) येथील गटाने २०१६ मध्ये आरएनए-लायपोप्लेक्स (आरएनए व लायपोसोम मिळून बनणारे कण) वापरून, त्यांचा एकूण भार किंचित ऋण ठेवून ते प्लीहेतील डेंड्रायटिक पेशींकडे वळवले. डॅलस (अमेरिका) येथे २०२० मध्ये पाचवे, ऋणभारित लिपिड मिसळून प्लीहा गाठता आली. दिशा भार ठरवतो, असा एक पक्ष. भारामुळे चिकटणारी रक्तप्रथिने ठरवतात, असा दुसरा. दुसऱ्याकडे कल वाढत आहे. तो खरा मानला, तर ‘लक्ष्यीकरण’ हा शब्द थोडा सैलच ठरतो. कण कोणाला शोधत नाही, त्याला नेले जाते.

स्नायूत टोचल्यास कण लसीका ग्रंथींकडे झिरपतात.

चाचण्या : शस्त्रक्रिया झालेल्या मेलॅनोमाच्या (त्वचेचा एक कर्करोग) १५७ रुग्णांत, प्रत्येकाच्या गाठीतील ३४पर्यंत प्रतिजनांवर बेतलेली लस पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारसंस्थेला मोकळीक देणाऱ्या औषधासह दिल्यावर, केवळ त्या औषधाच्या तुलनेत रोग उलटण्याचा वा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी घटलेला आढळला. ही लस स्नायूतच टोचतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील १६ जणांच्या चाचणीत (२०२३) ८ जणांत लसजन्य टी-पेशी दिसल्या. तेथील वाहक आरएनए-लायपोप्लेक्स असल्याने काटेकोर व्याख्येत तो बसत नाही. पुण्यात तयार झालेल्या कोविडवरील एमआरएनए लशीचे (२०२२) वाहकही लिपिडाचे नॅनोइमल्शन (पाण्यात विखुरलेले मेदाचे अतिसूक्ष्म थेंब) होते, नॅनोकण नव्हे.