डॉलरसाठी घटनादुरुस्ती आणि स्पॅनिश नाणी

जगाने आपली गंगाजळी एका देशाच्या चलनात न ठेवता कोणत्याच देशाचं नसलेल्या राखीव चलनात ठेवावी, असं चीनच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झोउ श्याओच्वान यांनी मार्च २००९मध्ये लिहिलं. त्याच महिन्यात अमेरिकी प्रतिनिधिगृहात मिशेल बॅकमन यांनी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव आणला: परकं चलन अमेरिकेत वैध ठरेल असा करार राष्ट्राध्यक्षांना करता येऊ नये. तो मंजूर झाला नाही.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली होती. राखीव चलन म्हणजे मध्यवर्ती बँका गंगाजळीत साठवतात ते. वैध चलन म्हणजे ज्यात केलेली कर्जफेड कायदा मान्य करतो ते. झोउ पहिल्याबद्दल बोलत होते. उद्या जगाने डॉलर साठवणं सोडलं, तरी अमेरिकेतली देणी डॉलरमध्येच फिटतील.

परकी नाणी खरोखर हद्दपार करणारा अमेरिकी कायदा १८५७चा. तोवर स्पॅनिश आणि मेक्सिकन चांदीची नाणी तिथे सर्रास चालत, कारण देशी चिल्लर टिकत नव्हती. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर सोन्याच्या तुलनेत चांदी महागली. नाण्यातली चांदी दर्शनी किमतीहून मोलाची झाली, म्हणून नवी नाणी वितळवली जात किंवा परदेशी जात. स्पॅनिश नाणी मात्र इतकी झिजलेली, की ती वितळवण्यात फायदा नव्हता. १८५३मध्ये अर्ध्या डॉलरपर्यंतच्या चांदीच्या बहुतेक नाण्यांतली चांदी कमी केली गेली आणि चिल्लर बाजारात राहू लागली.

बंदी आली ती त्यानंतर. तिच्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. स्पॅनिश पाव डॉलर सरकारी तिजोरीत भरला तर त्याचे २० सेंट धरले जात. टाकसाळीत देऊन नवे सेंट घेतले तर पूर्ण २५ मिळत. मे १८५७मध्ये फिलाडेल्फियाच्या टाकसाळीबाहेर जुनी नाणी घेऊन आलेल्यांची झुंबड उडाली.

आधी देशी चलन टिकाऊ करायचं आणि मग परकं बंद करायचं, हा क्रम उलटा केला की काय होतं, ते बोलिव्हियाने भोगलं. १९८२मध्ये तिथे बँकांतल्या डॉलर ठेवी सक्तीने देशी चलनात, म्हणजे पेसोत बदलल्या, तेही बाजारभावापेक्षा कमी दराने. त्यानंतर महागाई भडकत गेली, पेसो कुणालाच नकोसा झाला, आणि १९८५मध्ये डॉलर खाती पुन्हा सुरू करावी लागली. झिम्बाब्वेने जून २०१९मध्ये देशांतर्गत व्यवहारांत परकीय चलन बंद केलं. मार्च २०२०मध्ये ते परत खुलं केलं.

पेरूने या शतकात बंदीचा मार्ग धरला नाही. मध्यवर्ती बँकेने २००२पासून महागाईचं लक्ष्य ठरवून ती आटोक्यात ठेवली. डॉलर ठेवींवर बँकांना सोल या देशी चलनातल्या ठेवींपेक्षा जास्त रक्कम राखून ठेवायला लावली, त्यामुळे डॉलरमध्ये कर्ज देणं बँकांना महाग पडू लागलं. कर्जांतला डॉलरचा वाटा वर्षानुवर्षं घटत गेला. डॉलरचं खातं तिथे आजही उघडता येतं. पण ज्याचा पगार सोलमध्ये आहे, त्याला डॉलरमध्ये कर्ज काढण्याचं कारण कमी होत गेलं.