खेड्यातून आलेली मुलगी नर्सिंगमध्ये बुजरीच राहते?

‘मराठी माध्यमाची, घरात कुणी नर्स नाही, तिला वॉर्डात आत्मविश्वास येणारच नाही,’ हा समज जुना आहे. पार्श्वभूमीमुळे सुरुवात जड जाऊ शकते, हे खरं. पण ‘मला जमेल’ ही खात्री कामागणिक वेगळी असते आणि मुख्यतः स्वतःच्या हातून काम नीट झालं की वाढते. इंजेक्शन सफाईने देणारी विद्यार्थिनी बीपी मोजताना अडखळू शकते.

पडताळून पाहा. बीपी मोजण्याआधी तिला स्वतःच्या खात्रीला ० ते १०० गुण द्यायला सांगा. मग कफ (बीपी यंत्राचा दंडावरचा पट्टा) कोपराच्या घडीच्या २-३ सेंटिमीटर वर बांधून, पारा सेकंदाला २-३ मिलिमीटरने उतरवत सराव घ्या. हवा भसकन सोडली तर वरचा आकडा कमी येतो. ही चूक तिथल्या तिथे दाखवा. आठवड्याने पुन्हा गुण घ्या आणि तिचं रीडिंग शिक्षिकेच्या रीडिंगशी ताडून बघा.