मेण, स्वल्पविराम आणि सरकलेली वेलांटी: फोनवरच्या सबटायटलची पार्श्वभूमी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबत या भल्यामोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते आणि संध्याकाळपर्यंत तिच्या क्लिपा फोनाफोनांतून फिरू लागतात. ढोल-ताशांवर चढून येणारी आरोळी असते, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यालाही ती कळावी म्हणून खाली एक ओळ टाकायची. काम सहा शब्दांचे, पण गाडी हमखास तीन ठिकाणी अडते. पिवळ्या मारबतीवर पांढरी अक्षरे दिसेनाशी होतात. सुरुवातीला बरोबर बसवलेली ओळ क्लिपच्या शेवटी आरोळीच्या मागे पडते. आणि ‘मिरवणूक’ लिहिले की कधीकधी वेलांटी ‘म’च्या आधी न बसता नंतर जाऊन बसते. तिन्ही दोष ॲपच्या माथी मारले जातात. खरे तर तिन्हींची मुळे फोनच्या फार मागे आहेत.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला तेव्हा पडद्यावर आवाज नव्हता. दोन दृश्यांच्या मधे मजकुराची पाटी येई. ही पाटी चित्राहून वेगळी असल्याने भाषा बदलणे सोपे होते: तेवढा तुकडा कापायचा, दुसऱ्या भाषेतला जोडायचा. १९२७ नंतर बोलपट आले आणि ही सोय गेली. बोलणाऱ्या माणसाच्या मधेच पाटी घुसवता येईना. मजकूर चित्रावरच आणावा लागला, आणि सबटायटलच्या सगळ्या कटकटी तिथून सुरू झाल्या.

चित्रावर अक्षरे उमटवायची कशी? १९३०च्या दशकात युरोपात यावर बरेच प्रयोग झाले. नॉर्वेत फिल्मचा थर ओला करून त्यावर अक्षरांचे ठसे दाबले गेले. नंतर रासायनिक पद्धत रूढ झाली. फिल्मच्या थरावर मेणाचा पातळ लेप द्यायचा, अक्षरांचे बारीक ठसे तापवून त्यावर टेकवायचे. ठसा लागेल तिथले मेण वितळे. मग फिल्म ब्लीचच्या द्रावणातून काढली की उघड्या पडलेल्या जागचा थर विरघळून जाई आणि तिथून प्रोजेक्टरचा दिवा थेट आरपार येई. म्हणजे ती अक्षरे पांढऱ्या रंगाची नव्हतीच. ती चित्राला पडलेली भोके होती. साहजिकच पांढऱ्या सदऱ्यावर किंवा उन्हातल्या भिंतीवर ती नाहीशी होत. प्रत्येक प्रतीवर हे काम वेगळे करावे लागे. १९८८च्या सुमारास पॅरिसमध्ये लेझरने अक्षरे कोरायला सुरुवात झाली, कडा सुबक झाल्या, पण पांढऱ्यावर पांढरे हा दोष तसाच राहिला.

फोनमधल्या बहुतेक ॲपमध्ये मजकूर मुळात पांढरा येतो तो याच परंपरेने. फरक इतकाच की आता अक्षराला काळी कड देता येते, आणि ती द्यावीच. पिवळ्या मारबतीवर नुसती सावली पुरत नाही. जाड वजनाचा फॉन्ट, चहूबाजूंनी काळी कड, आणि मागे गर्दी फारच हलत असेल तर साठ-सत्तर टक्के गडद काळी पट्टी. बारीक फॉन्ट एडिटिंग करताना देखणा दिसतो, पण व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ आकसतो आणि सगळ्यात आधी अनुस्वार व रफार पुसट होतात.

फिल्मच्या काळातच वेळेचे गणितही ठरले. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) आणि सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दीड फूट. संवाद कुठे सुरू, कुठे संपला याची यादी फूट आणि चौकटींत होत असे. एका वेळी दोनच ओळी, एक ओळ पडद्यावर साधारण एक सेकंद तरी टिकावी, सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू नये, ही वहिवाट अजून चालते. ओळीत ४२ अक्षरांची मर्यादाही बरीच पाळली जाते, पण ती रोमन लिपीच्या हिशेबाची आहे. ‘क्षत्रिय’ हा शब्द आपल्या डोळ्याला तीन अक्षरांचा; संगणक त्यात क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य असे आठ घटक मोजतो. म्हणून ॲपने दाखवलेल्या अक्षरसंख्येवर मराठी ओळ बेतू नये. उभ्या व्हिडिओत डोळ्याने मोजलेली पंधरा-सोळा अक्षरे एका ओळीला पुष्कळ झाली. ‘इडा पीडा’ वर आणि ‘घेऊन जा गे मारबत’ खाली, अशी तोडणी वाचायला सोपी. ‘इडा पीडा घेऊन’ वर ठेवून ‘जा गे मारबत’ खाली टाकले तर क्रियापद मधोमध तुटते आणि नजर अडखळते.

दूरचित्रवाणीने सबटायटलचा दुसरा जन्म घडवला. बीबीसीने १९७९ मध्ये सीफॅक्स या टेलिटेक्स्ट (टीव्हीच्या पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या) सेवेतून आणि अमेरिकेने १९८० मध्ये चित्रसंकेताच्या एकविसाव्या रेषेत दडवून, हवे तेव्हा दिसणारी कॅप्शन सुरू केली. टेलिटेक्स्टच्या ओळीत ४० खाने, अमेरिकी पद्धतीत ३२. एका खान्यात एक अक्षर. वेलांटी, उकार, जोडाक्षर यांना त्या चौकोनांत जागाच नव्हती. आपल्याकडे दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागत ते इंग्रजी सबटायटलसह, कायमची छापलेली. देवनागरीसाठी सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या जिस्ट गटाने वेगळी यंत्रणा उभारली.

मात्र या काळातली सर्वांत मोलाची कल्पना तंत्राची नव्हती. १९९६ मध्ये आयआयएम अहमदाबादचे ब्रिज कोठारी यांनी मांडले की हिंदी गाण्याखाली हिंदीच आणि गुजराती गाण्याखाली गुजरातीच शब्द दाखवा. माहीत असलेले गाणे ऐकता ऐकता अर्धवट साक्षर माणूस वाचायला सरावेल. गुजरातेत दूरदर्शनच्या गाण्यांवर हे सुरू झाले, पुढे ‘रंगोली’ या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमापर्यंत पोचले. मराठी क्लिपखाली मराठी ओळ कशाला, असे विचारणाऱ्याला याहून चांगले उत्तर नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने कॅप्शनला कायद्यात जागा दिली. २०१९ मध्ये टीव्हीसाठी आणि मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाने निकष काढले. घरच्या क्लिपला हे लागू नाही, पण ऐकू न येणारा प्रेक्षक तिथेही आहेच.

पुढचा टप्पा डीव्हीडीचा. डीव्हीडीतली सबटायटल मजकूर नसून छोटी चित्रे असतात. एका तबकडीत ३२ संच मावतात. ती चित्रे वाचून त्यांचा मजकूर करणारा ‘सबरिप’ हा प्रोग्राम २०००च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झाला आणि त्याने जी साधी फाइल बाहेर काढली ती म्हणजे एसआरटी. आधी अनुक्रमांक, मग सुरुवातीची व शेवटची वेळ, मग मजकूर, मग एक रिकामी ओळ. बस्स. वेळेत सेकंद आणि मिलिसेकंद यांच्या मधे टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो, कारण फ्रेंच लोक दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. तिथे टिंब दिले तर काही प्लेअर चालवून घेतात, काही ती ओळच गाळतात.

फोनवर एसआरटी लिहिताना मराठी माणूस आणखी एका जागी फसतो, आणि हे शिकवणाऱ्या इंग्रजी व्हिडिओंमध्ये त्याचा उल्लेखही नसतो. मराठी कीबोर्डवरून वेळ टाकली की १, २, ३ हे आकडे देवनागरीत पडतात. डोळ्याला सगळे बरोबर दिसते. बहुतेक प्लेअरना मात्र ते आकडे कळतच नाहीत. वेळ आणि अनुक्रमांक इंग्रजी आकड्यांतच हवेत. मजकुरात हवे ते आकडे वापरा. फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन करायची, नाहीतर ओळीऐवजी प्रश्नचिन्हे दिसतील. व्हिडिओचे आणि फाइलचे नाव तंतोतंत एक ठेवून दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवले की व्हीएलसी किंवा एमएक्स प्लेअर ती आपोआप उचलतो. यूट्यूबवरही हीच फाइल वेगळी चढवता येते, नंतर चूक दुरुस्त करता येते. व्हॉट्सॲपवर मात्र व्हिडिओ एकटाच जातो, फाइल मागे राहते. तिथे अक्षरे व्हिडिओत कायमची बर्न करण्यावाचून पर्याय नाही.

ओळ मागे पडण्याचे मूळही जुनेच. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, भारतातला टीव्ही २५ चौकटींचा. २४ चा चित्रपट २५ ने चालवला की तो चार टक्के लवकर संपतो; तासाभराच्या मजकुरात हा फरक जवळजवळ अडीच मिनिटांवर जातो. सबटायटल एका प्रतीचे आणि व्हिडिओ दुसऱ्या प्रतीचा असला की ओळी हळूहळू सरकत जातात. फोनचा कॅमेरा यात स्वतःची भर घालतो. सेटिंगमध्ये ३० लिहिलेले असले तरी उजेड कमी झाला की तो चौकटी कमी घेतो. महाल-इतवारीच्या अरुंद गल्लीतून उन्हात आले की पुन्हा वाढवतो. अशा बदलत्या गतीच्या क्लिपमध्ये एडिटरचा हिशेब चुकू शकतो. उपाय असा: आधी सगळी काटछाट संपवा, सुरुवातीची नावाची पाटी जोडा, ठरावीक ३० चौकटींवर एकदा एक्स्पोर्ट करा आणि मग त्या तयार व्हिडिओवर ओळी बसवा. आधी ओळी बसवून नंतर पाच सेकंदांची पाटी सुरुवातीला जोडली की काही ॲपमध्ये सगळ्या ओळी पाच सेकंद आधी येतात. एकसारखा फरक असेल तर प्लेअरमधल्या विलंबाच्या सेटिंगने भागते. वाढत जाणाऱ्या फरकाला तो उपाय लागू पडत नाही.

आता वेलांटी. देवनागरीत ‘मि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, पण संगणकात म आधी आणि वेलांटी नंतर साठवतात. पडद्यावर ती उचलून ‘म’च्या आधी नेणे हे अक्षरे मांडणाऱ्या इंजिनाचे काम. ही साठवण १९८८च्या इस्की या भारतीय संकेतपद्धतीवर बेतलेली; १९९१ मध्ये युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या संकेतपद्धतीने तिचाच क्रम उचलला. पण छापखाने आणि डीटीपीवाले कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फॉन्टवर काम करत राहिले. त्यांतल्या कृतिदेवात ‘मराठी’ म्हणजे प्रत्यक्षात ‘ई, जे, के, बी, एच’ ही इंग्रजी अक्षरे असतात, वर फक्त मराठी मुखवटा. म्हणून पत्रिकेचा किंवा बॅनरचा मजकूर डीटीपीवाल्याकडून घेऊन ॲपमध्ये चिकटवला की खिचडी दिसते. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यावर एकदा वाचावाही लागतो.

अँड्रॉइडमध्ये देवनागरीची नीट मांडणी २०११च्या ४.० आवृत्तीपासून येऊ लागली. त्याआधीच्या फोनांत चौकोन तरी दिसत किंवा सुटी अक्षरे. मेसेज नीट दिसणाऱ्या फोनवरही व्हिडिओ ॲपमध्ये वेलांटी सरकू शकते, कारण काही ॲप फोनचे इंजिन न वापरता स्वतःचे वापरतात. नवे ॲप घेतले की आधी एक ओळ टाकून पाहावी: ‘मिरवणूक, क्षत्रिय, सूर्य, दुसऱ्या, ॲप’. वेलांटी, जोडाक्षर, रफार, आणि खास मराठीतला अर्धा र एका दमात तपासून होतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. जुन्या फॉन्टमध्ये ते नसते आणि चौकोन दिसतो. ‘श’ आणि ‘ल’ हिंदी वळणाचे दिसले तर फॉन्ट बदलावा. मुक्ता, बालू यांसारखे मोफत फॉन्ट आता सहज मिळतात.

दोन सजावटी मात्र सोडूनच द्याव्यात. अक्षरांतले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्द दाताडासारखा दिसतो. ते शून्यच ठेवावे. आणि एकेक अक्षर टाइप होत जाणारा परिणाम रोमन लिपीसाठी केलेला आहे. मराठीत त्याने आधी ‘क’, मग ‘क्’, मग ‘क्ष’ असे तुकडे दिसतात. ओळ अख्खी उमटू द्यावी किंवा शब्दाशब्दाने.

हे सगळे हातात आले ते स्वस्त डेटामुळे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. काइनमास्टर, इनशॉट, व्हीएन यांवर उभा व्हिडिओ कापणे ही रोजची गोष्ट झाली. सबटायटलची जुनी ‘तळाशी’ ही जागाही गेली, कारण रीलच्या तळाशी नाव, कॅप्शन आणि बटणे बसतात. चौकटीचा खालचा पाचवा भाग मोकळा सोडून त्याच्या वर ओळ ठेवावी.

टायपिंगचे कष्ट वाचवणारा टप्पा शेवटचा. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून लिहिण्याची सोय दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआयने बोलणे ऐकून लिहून देणारे ‘व्हिस्पर’ खुले केले. ते ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकलेले आहे, मराठी त्यात आहे, आणि शब्दांबरोबर वेळाही मिळतात. ते आवाज ३० सेकंदांच्या तुकड्यांत ऐकते, आणि बोलणे नसलेल्या जागी, नुसत्या वाद्यांवर किंवा शांततेवर, कुणी न बोललेली वाक्येही लिहून देते. ढोल-ताशांच्या क्लिपमध्ये हे तपासलेच पाहिजे.

नागपुरात दुसरी अडचण बोलीची. एकाच वाक्यात मराठी आणि हिंदी येते, ॲप मात्र एकच भाषा निवडायला लावते. जी भाषा जास्त ती निवडावी आणि दुसरीचे शब्द हाताने नीट करावेत. ‘मले’, ‘कायले’, ‘करून राहिला’ हे यंत्राला अनोळखी. ते ‘मले’चे ‘मला’ करून मोकळे होते. अर्थ तोच, पण कानाला एक आणि डोळ्याला दुसरे. बोलणारा वऱ्हाडी बोलत असेल तर ओळही वऱ्हाडीच हवी. प्रमाण मराठीत बदलणे म्हणजे भाषांतर झाले, सबटायटल नव्हे. मारबतीच्या आरोळीतला ‘गे’ही असाच. गर्दीत तो यंत्राच्या हातून सहज सुटतो. तो परत टाकायचा, ‘इडा’चा पहिला आवाज येईल त्या चौकटीवर ओळ सुरू करायची, आणि मग फोनचा आवाज बंद करून, ब्राइटनेस कमी करून क्लिप एकदा पूर्ण पाहायची.