काचेची कड आणि हिऱ्याचा पॅड

खेड्यातल्या घरात खिडकीची काच ऐन उन्हाळ्यात आपोआप तडकते, आणि तडा बहुतेक वेळा कडेपासूनच निघतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. काचेचा मधला भाग उन्हाने तापून प्रसरण पावतो; चौकटीत, लांबीखाली (पुट्टीखाली) दबलेली कड तेवढी तापत नाही. मग ती ताणली जाते. कापताना कडेला बारीक चिरा राहिल्या असतील, तर याच ताणाने त्यांतली एखादी पुढे धावते. काच इतकी ठिसूळ का, याचं कारण असल्या सूक्ष्म चिरांत आहे, हे ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली मांडलं. म्हणून कड घासायची ती फक्त हात कापू नये म्हणून नव्हे.

कड घासायच्या हिऱ्याच्या पॅडमध्ये कृत्रिम हिऱ्याचे कण रेझिनमध्ये (घट्ट झालेल्या राळेसारख्या प्लास्टिकमध्ये) मिसळलेले असतात किंवा निकेलच्या मुलाम्याने एका थरात पकडलेले असतात. हिरा काचेचे अतिसूक्ष्म टवके उडवतो आणि खाली स्वतःच्या आकाराला साजेशा चिरा सोडतो. १२० नंबरचा कण साधारण ०.१२ मिमी, ४०० चा ०.०४ मिमीच्या आसपास. १२० च्या चिरा २०० ने काढायच्या, २०० च्या ४०० ने. मधला नंबर गाळला तर कड हाताला गुळगुळीत लागते, पण खोल चिरा आत राहतातच.

साध्या ४-५ मिमी काचेला हाताचा पॅड पुरतो. काच सपाट टेबलावर जाड कापडावर ठेवा, कड बोटभर बाहेर काढा. कडेवर परमनंट मार्करची रेघ ओढा. पॅड भिजवून ४५ अंशांत धरा आणि कडेच्या लांबीला समांतर, हलक्या हाताने चालवा; दाब दिला की टवका उडतो. एक-दीड मिमीची तिरकी पट्टी सगळीकडे सारखी आली आणि शाई कुठेच उरली नाही, की पुढचा नंबर. त्याआधी काच, पॅड आणि हात धुवाच, कारण मागचा एक जाड कण नव्या पॅडखाली आला तर लांब ओरखडा उठतो. तपासताना कड पुसून कोरडी करा. पाणी चरांत भरलं की ते दिसेनासे होतात.

टफन काचेला (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेल्या) पॅड लावू नका. तिच्या पृष्ठभागातला दाब बिघडला की अख्खी काच चुरा होते. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणीही ओतू नका, आधी सावलीत निवू द्या.

पाणी दोन कामं करतं: उष्णता नेतं आणि बुरा वाहून नेतं. कोरडं घासलं तर रेझिन करपतं, कण सुटतात आणि काचेची धूळ छातीत जाते. खाली ओघळणारं पाणी दुधाळ असेल तर पॅड कापतो आहे. पाणी नितळ आणि पॅड चकचकीत दिसू लागला, की तो बुजला. रेझिनचा पॅड असेल तर सिलिकॉन कार्बाइडच्या दगडावर पाणी घालून चार-सहा वेळा फिरवा. वरचं रेझिन झिजून नवे कण उघडे पडतात. निकेलच्या पॅडमध्ये खाली दुसरा थर नसतो, त्यामुळे तो नुसता ब्रशने साफ करायचा. कण बोथट झाले की पॅड संपला. यांपैकी कुठलाही पॅड लोखंडावर घासू नका.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारट असलेल्या भागात, बोअरचं पाणी वापरून पॅड तसाच वाळवला, तर क्षारांचं पांढरं कवच कणांच्या मधल्या फटी बुजवतं. तिथे शेवटचं धुणं साठवलेल्या पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याने करा. पॅड सावलीत वाळवा. उन्हात किंवा गाडीच्या डिकीत मागच्या वेल्क्रोचा गोंद सुटतो. प्रत्येक नंबरचा डबा वेगळा असावा आणि डब्यावर नंबर लिहावा, कारण रंग कंपनीनुसार बदलतात.

गढूळ पाणी बादलीत रात्रभर निवळू द्या. वरचं पाणी पुन्हा घासायला चालतं. खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधा. वाळला की त्याची धूळ उडते, आणि गुरं जिथे तोंड लावतात तिथे तो टाकू नये.